लांडग्याला आधी बांधलं कुणी?

इतिहासाच्या गप्पांमध्ये आज आम्ही तुम्हाला जरा लांब घेऊन जाणार आहोत. इतकं लांब, की तिथे उन्हाळ्यात रात्र धड होत नाही आणि ऐन हिवाळ्यात दिवस चार-पाच तासांत संपतो. पण निघायचं मात्र आपल्या गावातूनच.

मागे एका गटाची बैठक चालली होती. बचतीचे पैसे गोळा होत होते, वहीत नोंदी चालल्या होत्या. एका काकूंचा नातू कोपऱ्यात बसून इंग्रजी वार पाठ करत होता. मंडे, ट्यूसडे, वेन्सडे. काकूंनी मधेच विचारलं, "अहो ताई, आपला मंगळवार मंगळाचा, शुक्रवार शुक्राचा. मग यांचा ट्यूसडे कुणाचा?" सगळ्या हसल्या, पण उत्तर कुणालाच आलं नाही. आम्हालाही नाही.

घरी येऊन शोधलं. पुस्तकं चाळली. ट्यूसडे हा टीर नावाच्या एका देवाचा वार निघाला. जुन्या इंग्रजीत त्याला टिव म्हणायचे. वेन्सडे हा ओडिनचा, थर्सडे थोरचा, फ्रायडे फ्रिगचा. रोमन लोकांनी वारांना ग्रहांची नावं दिली होती, तीच मांडणी आपल्याकडेही आहे: मंगळ, बुध, गुरू, शुक्र. उत्तर युरोपातल्या लोकांनी तेच वार घेतले आणि ग्रहांच्या जागी आपले देव बसवले. म्हणून आपला मंगळवार आणि त्यांचा ट्यूसडे एकाच दिवशी येतात.

या टीर देवाला एकच हात आहे. दुसरा हात लांडग्याच्या तोंडात गेला. तो का गेला, हे वाचत गेलो आणि ती गोष्ट फिरून फिरून आमच्याच गटाच्या दारात येऊन उभी राहिली. म्हणून आज ती सांगतो.

गोष्ट लिहून ठेवली कुणी

नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क आणि आइसलंड. या देशांत हजार-बाराशे वर्षांपूर्वी राहणाऱ्या लोकांना नॉर्स म्हणतात. शेती, मेंढ्या, मासेमारी आणि जहाजं, यांवर त्यांचं पोट. काही लुटारूही होते, त्यांना आपण व्हायकिंग म्हणून ओळखतो. सन 870 च्या सुमारास त्यातली काही कुटुंबं नॉर्वेहून निघून आइसलंड बेटावर वस्तीला आली. सन 930 च्या सुमारास त्यांनी तिथे एक मोठी सभा सुरू केली. वर्षातून एकदा उघड्या माळावर सगळे जमायचे, कायदा ऐकायचे, भांडणं मिटवायचे. त्या सभेचं नाव आल्थिंग. सन 1000 च्या सुमारास याच सभेत सगळ्यांनी ख्रिस्ती धर्म घ्यायचं ठरलं.

धर्म बदलला, पण जुन्या देवांच्या गोष्टी चुलीपाशी सांगितल्या जातच राहिल्या. पुढे दोनशेहून जास्त वर्षांनी, 1220 च्या सुमारास, स्नोरी स्टुर्लुसोन नावाच्या एका पुढाऱ्याने त्या लिहून काढल्या. त्याच्या पुस्तकाचं नाव एड्डा. तो स्वतः ख्रिस्ती होता, सभेत कायदा सांगण्याचं काम त्याने दोन वेळा केलं, आणि 1241 मध्ये राजकारणात त्याचा त्याच्याच घरात खून झाला. याच काळातली, वासराच्या कातड्यावर लिहिलेली जुन्या कवितांची एक वही आहे. ती 1662 मध्ये डेन्मार्कच्या राजाकडे भेट म्हणून गेली आणि 21 एप्रिल 1971 रोजी जहाजाने आइसलंडला परत आली. ती घ्यायला बंदरावर हजारो माणसं जमली होती. एका जुन्या वहीसाठी! आपली आजी जी गोष्ट सांगून गेली, तिची किंमत त्या लोकांना कळली होती.

त्या वहीतली पहिलीच कविता एका बाईच्या तोंडी आहे. ती भविष्य जाणणारी आहे. जग कसं झालं आणि कसं बुडेल, हे ती देवांच्या राजाला, ओडिनला, सांगते. म्हणजे तिथे जगाची पूर्ण कहाणी सांगण्याचा मान बाईला आहे. हे आधी सांगितलं, कारण पुढे ज्या बाईची गोष्ट येणार आहे तिला मात्र कुणी तोंड उघडू दिलेलं नाही.

तीन भावंडं

त्या बाईचं नाव आंग्रबोदा. नावाचा अर्थच 'दुःख आणणारी' असा लावतात. ती राक्षसकुळातली. लोकी नावाचा एक देवांमध्ये वावरणारा, पण बापाकडून राक्षसकुळातलाच असलेला चलाख माणूस, त्याच्यापासून तिला तीन मुलं झाली. थोरला फेनरिर, तो लांडगा. दुसरा यॉर्मुंगांड, तो साप. तिसरी मुलगी, तिचं नाव हेल. तिचं अर्धं अंग माणसाच्या रंगाचं आणि अर्धं काळंनिळं.

मुलं आईजवळ वाढत होती. देवांच्या कानावर भविष्य आलं की या तिघांपासून आपल्याला मोठा धोका आहे. आई वाईट आणि बाप त्याहून वाईट, तेव्हा मुलांकडून चांगलं काय होणार, असा त्यांनी हिशेब केला. मुलांनी तोवर काय केलं होतं? स्नोरीच्या पुस्तकात त्यांचा एकही गुन्हा लिहिलेला नाही. आम्ही तो भाग दोनदा वाचला. एकही नाही.

ओडिनने माणसं पाठवून मुलांना आईजवळून आणवलं. सापाला खोल समुद्रात फेकलं. मुलीला धुक्याच्या, अंधाराच्या जगात खाली फेकलं. लांडग्याचं पिल्लू तेवढं घरी ठेवलं. आईचं पुढे काय झालं, ती रडली का, मागे धावली का, हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. एवढ्या मोठ्या पुस्तकात तिच्या नावावर एकही वाक्य नाही.

आता एक गोष्ट मान्य करायला हवी. ज्या लोकांनी या गोष्टी सांगितल्या, ते मुद्दाम दुष्टपणाने सांगत नव्हते. त्यांची भीती खरी होती. मेंढपाळाला लांडग्याची भीती असते, हे आपल्या धनगर बायांना सांगायला नको. होडी घेऊन जाणाऱ्याला समुद्राची भीती असते. आणि थंडीच्या दिवसांत तापाने, खोकल्याने घरातलं माणूस जातं, ती भीती तर सगळ्यांनाच. लांडगा, समुद्र आणि मरण, या तीन भीतींना त्यांनी तीन चेहरे दिले. भीतीला चेहरा दिला की ती जरा आवाक्यात येते. फक्त एक घोटाळा होतो. आपण दिलेला चेहरा एखाद्या खऱ्याखुऱ्या लेकराला चिकटतो.

दोन साखळ्या, एक रेशमी फीत आणि एक जामीन

लांडग्याचं पिल्लू देवांच्या घरी वाढू लागलं. त्याला खायला घालायची हिंमत एकट्या टीरमध्ये होती. बाकीचे लांबून बघायचे. पिल्लू रोज वाढत होतं आणि ते जसं वाढत होतं तशी बघणाऱ्यांची भीती वाढत होती.

मग देवांनी एक भक्कम साखळी केली आणि लांडग्याला म्हणाले, "बघू तुझी ताकद, ही तोडून दाखव." त्याने बांधून घेतलं, एक हिसका दिला, साखळी तुटली. देवांनी दुप्पट भक्कम दुसरी साखळी केली. म्हणाले, "ही तोडलीस तर तुझं नाव होईल." लांडग्याने विचार केला, नाव हवं तर धोका पत्करायला हवा. त्याने तीही तोडली.

आता देव घाबरले. त्यांनी बुटक्या कारागिरांकडून तिसरं बंधन करून घेतलं. ते सहा वस्तूंचं होतं: मांजरीच्या पावलांचा आवाज, बाईची दाढी, डोंगराची मुळं, अस्वलाच्या शिरा, माशाचा श्वास आणि पाखराची थुंकी. यातल्या बहुतेक वस्तू जगात सापडतच नाहीत. जुने लोक गमतीने म्हणायचे, त्या बंधनात खर्च झाल्या म्हणून सापडत नाहीत! हे बंधन रेशमी फितीसारखं मऊ होतं. त्याचं नाव ग्लेपनिर.

देव लांडग्याला घेऊन एका तळ्यातल्या बेटावर गेले आणि ती फीत दाखवली. लांडगा म्हणाला, "ही तोडून कसलं नाव होणार? आणि यात कपट असेल तर मी पायाला लावू देणार नाही." देव म्हणाले, "अरे, तुला ही तुटली नाही तर तुझी आम्हाला भीतीच उरणार नाही. आम्ही सोडून देऊ." लांडग्याला काही ते पटलं नाही. पण आपल्याला भित्रा म्हणतील हेही त्याला नको होतं. तो म्हणाला, "खरं बोलत असाल तर तुमच्यापैकी एकाने माझ्या तोंडात हात ठेवावा."

मैत्रिणींनो, हे आपल्या ओळखीचं आहे. लांडग्याने जामीन मागितला. कर्ज घेताना आपण म्हणतो ना, एक सही जामीनदाराची? तसंच.

देव एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागले. कुणी पुढे येईना. शेवटी टीरने, ज्याने त्याला लहानाचा मोठा करताना खायला घातलं होतं, त्यानेच आपला उजवा हात त्याच्या तोंडात ठेवला. फीत बांधली गेली. लांडगा जितका ओढ घ्यायचा तितकी ती आवळायची. देव खदाखदा हसले. फक्त टीर हसला नाही. त्याचा हात गेला.

पुढे त्यांनी ती फीत दगडातून ओवून जमिनीत खोल पुरली. लांडगा चावायला तोंड पसरू लागला, तेव्हा जबड्यात तलवार उभी रोवली. त्याच्या तोंडातून लाळ गळते, तिची नदी झाली. त्या नदीचं नाव वान. त्यांच्या भाषेत वान म्हणजे आशा.

आम्ही हे गटात सांगितलं तेव्हा बराच वेळ कुणी बोललं नाही. मग एक आक्का म्हणाल्या, "हात गेला तो खाणाऱ्यामुळे नाही गेला. शब्द मोडणाऱ्यामुळे गेला." जामीन राहून पोळलेल्या बाईलाच हे इतक्या लवकर सुचतं. फसवणूक सगळ्या देवांची होती, भरपाई मात्र एकट्या टीरने केली.

गोष्टीत एक प्रश्नही विचारला आहे: एवढी भीती होती तर लांडग्याला मारून का नाही टाकलं? उत्तर असं दिलंय, की देवांना आपली पवित्र जागा रक्ताने विटाळायची नव्हती. म्हणजे जागा स्वच्छ राहिली पाहिजे याची काळजी होती. खोटं बोलल्याने ती विटाळत नव्हती.

हेलचं घर

आता धाकट्या मुलीकडे येऊ. इंग्रजीत नरकाला जो 'हेल' शब्द आहे, तो आणि हिचं नाव एकाच मुळातले. पण नॉर्स लोकांची हेल ही पाप्यांना तळून काढणारी जागा नव्हती. लढाईत मेलेले वीर ओडिनच्या मोठ्या वाड्यात जायचे. आजाराने आणि म्हातारपणाने मेलेली माणसं हेलकडे जायची. विचार करा, गावात असे किती जण? आपल्या आज्या, आपले आजोबा, तापात गेलेली लेकरं, सगळी हेलकडेच. ज्यांची गाणी कुणी गायली नाहीत, त्या सगळ्यांना जागा देणं हे काम ओडिनने या टाकून दिलेल्या मुलीकडे दिलं होतं.

स्नोरीने तिच्या घराचं वर्णन भीतिदायक केलं आहे. तिच्या ताटाचं नाव भूक, सुरीचं नाव दुष्काळ, अंथरुणाचं नाव आजारपण. दुष्काळ पाहिलेल्या आपल्यासारख्यांना यात भूत दिसत नाही. यात गरिबाचं घर दिसतं.

आणि हे घर चालवणारी हेल वागते कशी? ओडिनचा लाडका मुलगा बाल्डर मरतो आणि तिच्याकडे येतो. त्याची बायको नान्ना दुःखाने मरते, तीही येते. बाल्डरला सोडवायला त्याचा भाऊ नऊ रात्री घोडा दौडवत हेलच्या दारी जातो. तिथे त्याला बाल्डर मानाच्या जागी बसलेला दिसतो. ज्यांनी हेलला लहानपणी खाली फेकलं, त्यांचाच मुलगा तिच्या घरी सन्मानाने बसला होता. भाऊ विनंती करतो. हेल हाकलून देत नाही. ती म्हणते, "जगातली प्रत्येक वस्तू त्याच्यासाठी रडली तर मी त्याला सोडेन." अट कठीण होती, पण ती उघड होती. त्यात कपटाची फीत नव्हती. माणसं रडली, जनावरं रडली, झाडं, दगड, धातू रडले. एकच राक्षसीण रडली नाही. ती वेष बदललेला लोकी होता, असं लोक म्हणत. म्हणून बाल्डर तिथेच राहिला.

भाऊ परत निघाला तेव्हा नान्नाने आपल्या सासूसाठी, फ्रिगसाठी, कापड पाठवलं. मेल्यावरही सासूला कापड पाठवणारी सून! आणि ते पाठवू देणारी हेल. आमच्या गटात या जागेवर सगळ्यांत जास्त चर्चा झाली, ती काय झाली ते रेडिओवर सांगत नाही.

गोष्टीच्या शेवटी मोठं युद्ध होतं, त्याला राग्नारोक म्हणतात. बंधनं तुटतात. लांडगा ओडिनला गिळतो आणि ओडिनचा मुलगा लांडग्याला मारतो. साप समुद्रातून वर येतो, थोर त्याला मारतो आणि त्याच्या विषाने नऊ पावलं चालून स्वतः पडतो. जग बुडतं. मग पाण्यातून हिरवी जमीन पुन्हा वर येते आणि बाल्डर परत येतो. येतो कुठून? हेलच्या घरून. सगळं जळून बुडून गेलं तेव्हा जो एक चांगला मुलगा वाचला, तो तिच्याकडे राहिला म्हणून वाचला. हे गोष्ट सांगणाऱ्यांनी मोठ्याने म्हटलेलं नाही. पण गोष्टीत ते आहे.

सिगिनचं भांडं

लोकीची लग्नाची बायको वेगळी होती. तिचं नाव सिगिन. तिला नार्फी आणि वाली असे दोन मुलगे होते. हा वाली रामायणातला नव्हे. बाल्डरच्या मृत्यूला लोकी कारण झाला, तो गुन्हा खरा होता. देवांनी त्याला पकडलं. पण शिक्षा कुणाला झाली बघा. देवांनी वालीला लांडगा बनवलं आणि त्या लांडग्याने सख्ख्या भावाला फाडलं. मग त्या मुलाच्या आतड्यांनी बापाला खडकाला बांधलं आणि वर एक विषारी साप टांगला.

सिगिनने दोन्ही मुलं गमावली. ती नवऱ्याशेजारी उभी राहते आणि ठिबकणारं विष भांड्यात धरते. भांडं भरलं की ओतायला जाते, तेवढ्यात विष त्याच्या तोंडावर पडतं आणि तो तळमळतो तेव्हा धरणीकंप होतो, असं ते लोक मानायचे. इंग्लंडमध्ये गॉसफर्थ नावाच्या गावात चर्चच्या आवारात दहाव्या शतकातला दगडी खांब आहे, 14 फुटांहून उंच. त्यावर बांधलेला माणूस आणि हातात भांडं घेतलेली बाई कोरलेली आहे. हजार वर्षं ती तशीच आहे. ख्रिस्ती क्रूस कोरणाऱ्या कारागिरालाही ती बाई वगळावीशी वाटली नाही.

आम्हाला यात एक गोष्ट खटकली ती सांगतो. लांडग्याला सगळे घाबरतात. पण या गोष्टीतला दुसरा लांडगा देवांनी स्वतः तयार केला. चांगला मुलगा होता, त्याचा लांडगा केला.

माणसाचा लांडगा

हे नुसतं गोष्टीतलं नाही. इथे खरा इतिहास येतो. जुन्या नॉर्स भाषेत 'वार्ग' म्हणजे लांडगा. आणि कायद्याने समाजाबाहेर काढलेल्या माणसालाही वार्गच म्हणायचे. आइसलंडच्या सभेत एखाद्याला पूर्ण बहिष्काराची शिक्षा झाली की त्याला जेवू घालणं गुन्हा, आसरा देणं गुन्हा, आणि त्याला कुणीही मारलं तर तो गुन्हा नाही. तुरुंग नव्हता. गावच तुरुंग व्हायचं, पण बाहेरून.

ग्रेट्टिर नावाच्या अशाच एका माणसाची चौदाव्या शतकात लिहिलेली मोठी कथा आहे. तिथे अशा कथांना सागा म्हणतात. त्यात इतिहास आणि गोष्ट मिसळलेली असते. ग्रेट्टिर तापट होता, धसमुसळा होता, त्याच्या हातून वाईट कामंही झाली. पण त्याला बहिष्कार ज्यासाठी झाला ती रात्र अशी. कडाक्याच्या थंडीत तो आणि सोबतचे व्यापारी नॉर्वेच्या किनाऱ्यावर अडकले. विस्तव नव्हता. पलीकडच्या काठावर उजेड दिसला. ग्रेट्टिर पोहत गेला. अंगावरचे कपडे गोठून कडक झालेले, अंगाने धिप्पाड. तो दारात उभा राहिला आणि आतल्या लोकांना वाटलं राक्षस आला. त्यांनी जळती लाकडं घेऊन त्याला मारलं. तो विस्तव घेऊन कसाबसा परतला. पण झटापटीत ठिणग्या उडाल्या, घर पेटलं आणि आतली माणसं मेली.

मेलेल्या मुलांच्या बापाने सभेत दाद मागितली. ग्रेट्टिर हजर नव्हता. कायदा सांगणारा म्हणाला की एकाच बाजूचं ऐकून निकाल देऊ नये. पण बापाचं वजन मोठं होतं. ग्रेट्टिरला बहिष्कार झाला. तो जवळजवळ 19 वर्षं डोंगरदऱ्यांत लपत राहिला. आणि हा एवढा बलदंड माणूस अंधाराला घाबरायचा. एकटं झोपवायचं नाही त्याला. म्हणून त्याच्या आईने धाकट्या मुलाला त्याच्यासोबत पाठवलं. दोघंही परत येणार नाहीत हे तिला कळत होतं. समुद्रातल्या एका उंच खडकाळ बेटावर दोघंही मारले गेले.

तो विस्तव मागायला आला होता. एवढंच. दारातल्या माणसांनी नीट बघितलं असतं, "कोण रे बाबा?" असं एकदा विचारलं असतं, तर?

आमच्या गटाची गोष्ट

आता आमचं. हे सांगायला आम्हाला जड जातंय, पण न सांगता ही गोष्ट अर्धीच राहील.

काही वर्षांपूर्वी आमच्या एका गटात एक बाई सभासद व्हायला आली. तिचं नाव, गाव आम्ही घेत नाही. तिच्या आईबद्दल लोक बोलायचे. नजर वाईट, पाय वाईट, तिने बघितलं की गाय आटते, असलं काहीबाही. आई जाऊनही बरीच वर्षं झाली होती. मुलीने कुणाचं काही बिघडवलेलं नव्हतं. आम्ही तिला सरळ नाही म्हटलं नाही. सरळ नाही म्हणायला आम्हाला लाज वाटत होती. म्हणून अट घातली: दोन जामीन आण. दुसऱ्या कुणालाही आम्ही दोन जामीन मागितले नव्हते. तिने आणले. मग दुसरी अट: सहा महिने नुसती बचत, कर्जाचं नाव नाही. तिने सहा महिने एकही हप्ता चुकवला नाही. मग आम्ही गोड बोललो. रेशमी बोललो. "तुझ्याच भल्यासाठी सांगतो, सध्या गट भरलाय, पुढच्या वर्षी बघू." ती उठून गेली. आमच्यातल्या दोघी-तिघी हसल्याही. तिच्यासाठी जामीन राहिलेल्या एक मावशी मात्र हसल्या नाहीत. त्यांचा शब्द गेला होता.

पुढे ती वाटेत भेटली तरी बोलायची नाही. आमच्याकडे बघून तोंड फिरवायची. तेव्हा आम्हीच म्हणालो, "बघा, म्हणत होतो ना, स्वभावच तसला."

आपल्याकडे 2013 मध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला. एखादीला करणी करणारी ठरवून, तिच्यामुळे आजार आला, जनावर दगावलं असं म्हणून तिला छळणं, हा आता गुन्हा आहे. त्याला सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. हा कायदा आम्ही गटागटांत वाचून दाखवला होता. वाचणाऱ्याही आम्हीच आणि ती रेशमी फीत बांधणाऱ्याही आम्हीच. आम्ही तिला मारलं नव्हतं, गावाबाहेर काढलं नव्हतं. म्हणून आम्हाला वाटत होतं की आपली जागा स्वच्छ आहे.

टीरची गोष्ट वाचली त्या आठवड्यात आम्ही तिघी तिच्या घरी गेलो. सोबत त्या मावशी होत्या. दारात उभं राहून सांगितलं की आमची चूक झाली. तिने आत बोलावलं, चहा केला. बराच वेळ बोलली नाही. मग एवढंच विचारलं, "या वेळी अट काय आहे?" याला उत्तर नव्हतं आमच्याकडे.

आज ती गटात आहे. तिने शेळ्यांसाठी कर्ज घेतलं आणि नीट फेडते आहे. पण बैठकीत ती अजून दाराजवळच बसते. आम्ही तिला आत सरक म्हणत नाही. विश्वास मोडायला आम्हाला एक दुपार पुरली. तो जुळायला तिला लागेल तितका वेळ लागू दे.

मैत्रिणींनो, लांडगा निरुपद्रवी असतो असं आमचं म्हणणं नाही. फेनरिरने शेवटी ओडिनला गिळलं, हे खरंच आहे. जगात खरे गुन्हेगारही असतात आणि त्यांच्यासाठी कायदा आहे. आमचं म्हणणं एवढंच, की भविष्य खरं ठरलं की ते खरं केलं गेलं, हे एकदा तपासून बघावं. आपणही दिवाळीत पाडव्याला बळीराजाचं राज्य येऊ दे म्हणतोच की. तो असुरच होता, पाताळात घातलेला. तरी ओवाळताना त्याचंच राज्य मागतो. आपल्या आज्यांना हे समजत होतं.

जाता जाता पुढच्या बैठकीसाठी एक काम. आपल्या वाडीत, वस्तीत अशी कोण आहे, जिच्याबद्दल आपण फक्त ऐकलंय आणि जिला कधी विचारलेलं नाही? तिचं नाव बैठकीत घेऊ नका. तिच्या घरी जा. हात रिकामा नेऊ नका आणि अट तर मुळीच नेऊ नका.

आणि हो, काकूंच्या नातवाला आम्ही ट्यूसडेची गोष्ट सांगितली. त्याने सगळी ऐकून घेतली आणि विचारलं, "पण मग लांडग्याला पुन्हा खायला कुणी घातलं?"

आम्ही पुस्तकात शोधलं. कुणी घातल्याचं लिहिलेलं नाही.